तेरा जणींचा नियम : नवी मुंबई, जानेवारी २०२२

२३ जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) महिला आशियाई चषकात भारत विरुद्ध चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) असा सामना ठरलेला होता. तो झालाच नाही. संघात कोरोनाची लागण झाल्यामुळे भारताला किमान १३ खेळाडूंची नावं देता आली नाहीत. नियमाप्रमाणे याचा अर्थ सामना गमावला असा होत नव्हता. संघाने स्पर्धेतून माघार घेतली, असा होत होता. तीन दिवसांपूर्वी इराणशी झालेली ०-० बरोबरीही त्याबरोबर रद्द झाली. यजमान देश एकाच सामन्यानंतर बाहेर पडला आणि त्या सामन्याचाही गुणतक्त्यात मागमूस उरला नाही.

या घटनेबद्दल तेव्हा जे बोललं गेलं, त्यात 'दुर्दैव' हा शब्द सगळ्यात जास्त वेळा आला. लागण होणं दुर्दैव म्हणता येईल. पण लागण झाल्यावर संघ पूर्ण बाद होणार की एक सामना गमावून पुढे जाणार, हे आधीच कागदावर ठरलेलं होतं. नियम, वेळापत्रक आणि बायो-बबलची (संघांना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवण्याच्या व्यवस्थेची) रचना या तिन्ही गोष्टी तपासल्या की गाडी कुठे अडली ते दिसतं. भारताच्या हातून किती मोठी संधी गेली, हे तर गटांचे अंतिम निकाल समोर ठेवून हिशेब केल्यावरच कळतं. तो हिशेब पुढे दिला आहे.

त्याआधीची चाळीस वर्षं

महिलांच्या आशियाई स्पर्धेत भारताचा सुरुवातीचा काळ चांगला होता. १९७९-८० मध्ये कालिकतला झालेल्या स्पर्धेत भारत उपविजेता ठरला. अंतिम सामन्यात तैपेईने २-० ने हरवलं. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा क्रमांक, १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेतेपद. ही कामगिरी लहान लेखू नये, पण तिचा काळही लक्षात घ्यायला हवा. चीन या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९८६ ला आणि लगेच जिंकला. तिथून १९९९ पर्यंत प्रत्येक विजेतेपद चीनकडेच राहिलं. भारताची तिन्ही पदकं त्याआधीची आहेत. शिवाय त्या काळात महिला फुटबॉलचा कारभार वेगळ्या संघटनेकडे होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हातात घेतला, तोवर पूर्व आशिया बराच पुढे निघून गेला होता.

२००३ नंतर भारताला मुख्य स्पर्धा गाठता आली नाही. म्हणजे २०२२ च्या संघातल्या बहुतेक मुलींनी भारताला आशियाई चषकात खेळताना पाहिलेलंच नव्हतं. यजमानपद मिळालं म्हणून थेट प्रवेश मिळाला, आणि तोही नेमका अशा वर्षी, जेव्हा दरवाजे रुंद झाले होते. संघ ८ वरून १२ झाले. प्रत्येकी चार संघांचे तीन गट; प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सर्वोत्तम दोन उपांत्यपूर्व फेरीत. २०२३ चा महिला विश्वचषकही २४ ऐवजी ३२ संघांचा होणार होता आणि त्याची आशियाई पात्रता याच स्पर्धेतून ठरणार होती.

तयारीही खरी होती. स्वीडनचे थॉमस डेनरबी २०२१ मध्ये वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक झाले. ऑक्टोबरच्या आखाती दौऱ्यात भारताने यूएईला ४-१, बहारीनला ५-० असं हरवलं, ट्युनिशियाकडून ०-१ ने हार पत्करली, आणि या लेखासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चायनीज तैपेईला १-० ने हरवलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या मनौस शहरात ब्राझीलकडून १-६, चिलीकडून ०-३, व्हेनेझुएलाकडून १-२ असे पराभव झाले. मनीषा कल्याणने ब्राझीलविरुद्ध केलेला गोल सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण आमच्या दृष्टीने त्या दौऱ्याचं मोल वेगळं होतं : वेगवान, ताकदवान संघासमोर नव्वद मिनिटं बचावफळीची रचना टिकवण्याचा सराव या मुलींना पहिल्यांदाच मिळाला.

स्पर्धा महाराष्ट्रात का आली

सुरुवातीच्या आराखड्यात नवी मुंबईबरोबर अहमदाबाद आणि भुवनेश्वर होतं. महामारीमुळे तो बदलला आणि नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याचं बालेवाडी क्रीडा संकुल अशी तीन ठिकाणं ठरली. कारण सरळ होतं. विमानप्रवास टाळायचा, संघ बसने हलवायचे, सगळ्यांना एका बबलमध्ये ठेवायचं. कागदावर हा निर्णय योग्यच होता.

पण स्पर्धा आली ती तिसऱ्या लाटेत. ६ जानेवारी २०२२ रोजी एकट्या मुंबईत एका दिवसात २०,००० हून जास्त रुग्ण नोंदले गेले. स्पर्धेचा पहिला दिवस होता २० जानेवारी. तोवर आकडे उतरत होते, सामने प्रेक्षकांविना होणार होते. तरी ओमायक्रॉनचा वेग असा होता की बबलमध्ये एखादी फट राहिली तर दोन-तीन दिवसांत ती अख्ख्या मजल्यावर दिसणार. प्रवास कमी केल्याने विमानतळाची जोखीम गेली. हॉटेलची जोखीम तशीच राहिली, कारण हॉटेल शहरातच होतं आणि शहर आजारी होतं.

इराणविरुद्धची बरोबरी

गटात चीन, चायनीज तैपेई, इराण आणि भारत. जागतिक क्रमवारीत चीन १९ वा, तैपेई ३९ वा, भारत ५५ वा, इराण ७० वा. इराणचा हा मुख्य स्पर्धेतला पहिलाच प्रवेश. गणित सरळ होतं : इराणला हरवायचं, तैपेईकडून काहीतरी मिळवायचं, चीनविरुद्ध कमीत कमी गोल खायचे.

२० जानेवारीच्या सामन्याआधीच संघातल्या दोघी बाधित आढळून वेगळ्या ठेवल्या होत्या. सामन्यात चेंडू भारताकडे जास्त होता, संधीही भारतालाच जास्त मिळाल्या. इराणची गोलरक्षक झोहरे कौदेई पुरून उरली. भारताची अडचण शेवटच्या पासची होती : ग्रेस डांगमेई आणि मनीषा बाजूने आत शिरत होत्या, पण क्रॉस आला की पेनल्टी क्षेत्रात इराणच्या उंच बचावपटूंच्या मध्ये एकटीच भारतीय खेळाडू दिसायची. दोन गुण हातचे गेले, अशीच तेव्हा सगळ्यांची भावना होती. तो उरलेला एक गुणही टिकणार नाही, याची कल्पना कुणाला नव्हती.

११, १२ आणि १३

नियम असा. महामारीकाळातल्या एएफसी स्पर्धांसाठी एक खास नियमावली होती. तिच्या कलम ४.१ प्रमाणे, सामन्यासाठी एका गोलरक्षकासह किमान १३ खेळाडू उपलब्ध नसतील तर संघ खेळू शकत नाही आणि त्याने स्पर्धेतून माघार घेतली असं मानलं जातं. माघार घेतलेल्या संघाचे आधीचे सामनेही रद्द.

संघाची यादी २३ जणींची. २३ मधून १० गेल्या तर १३ उरतात, सामना होतो. अकरावी गेली की संघ संपला. २३ जानेवारीच्या सुमारास १२ खेळाडू बाधित असल्याचं समोर आलं. २३ वजा १२ म्हणजे ११. मैदानात उतरवायला अकरा जणी होत्या. नियमाला त्या पुरेशा नव्हत्या.

फुटबॉलच्या मूळ नियमांत सामना सुरू करायला किमान ७ खेळाडू लागतात. मग १३ कशासाठी? अकरा खेळाडू आणि किमान दोन बदली, म्हणजे दुखापत झाली तर संघ अपुरा पडू नये. हेतू खेळाडूंच्या सुरक्षेचा होता आणि तो चुकीचा नव्हता. चूक, आमच्या मते, शिक्षेच्या मापात होती. त्या दिवशी संघ उभा राहू शकला नाही म्हणून तो सामना ०-३ ने गमावला असं ठरवणं ही एक शिक्षा. पूर्ण स्पर्धेतून बाद करणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. समजा तैपेईला ३-० असा विजय बहाल केला असता आणि २६ तारखेला चीनसमोर भारत कसाबसा उतरला असता, तर एका संघाला न खेळता तीन गुण आणि तीन गोल मिळाले असते, इतरांना नाही. तिसऱ्या क्रमांकाची निवड गोलफरकावर होणार असताना ही विषमता मोठी ठरते. संघाचे सगळेच निकाल पुसले तर उरलेले तिघे एका पातळीवर येतात. आयोजकांच्या नजरेतून हा तर्क स्वच्छ आहे. त्याची पूर्ण किंमत मात्र एकाच संघाने मोजली.

नियम नवा नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये दोहा इथे एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये गतविजेत्या अल हिलाल या सौदी क्लबला हाच नियम लागला होता. २३ सप्टेंबरच्या सामन्यासाठी त्यांना अकराच खेळाडू देता आले. बाद फेरीत त्यांचं स्थान आधीच पक्कं झालेलं असूनही त्यांना स्पर्धेतून वगळलं गेलं आणि त्यांचे निकाल रद्द झाले. म्हणजे भारतीय महासंघाला, आयोजकांना, सगळ्यांनाच सोळा महिने आधी ठाऊक होतं की अकरा खेळाडू उभे असतानाही संघ बाद होतो.

आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या खंडात उलट चित्र दिसत होतं. कॅमेरूनमध्ये पुरुषांचा आफ्रिकन चषक चालू होता. तिथला नियम : अकरा निरोगी खेळाडू असतील तर खेळावंच लागेल, गोलरक्षक नसेल तर दुसरं कुणी हातमोजे घालावेत, अकराही नसतील तर तो सामना ०-२ ने गमावला असं धरायचं. भारताचा सामना रद्द झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जानेवारीला, कोमोरोसने यजमान कॅमेरूनविरुद्ध शाकेर अलहदुर या बचावपटूला गोलमध्ये उभं केलं. सातव्या मिनिटाला लाल कार्ड मिळून दहा जण उरले, तरी ते १-२ ने हरले आणि मानाने हरले. तो नियम कठोर आहे, गोलरक्षकाशिवाय खेळायला लावणं योग्य आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण त्याने एका सामन्याची अडचण एका सामन्यापुरती ठेवली.

सामना पुढे ढकलता आला असता का

हा प्रश्न खूपदा विचारला गेला. वेळापत्रक पाहा. गटातले सामने २०, २३ आणि २६ जानेवारीला. बाकी गटांचे सामने २७ ला संपणार, उपांत्यपूर्व फेरी ३० पासून. त्या महिन्यात देशातल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सौम्य रुग्णाला किमान सात दिवस विलगीकरणात राहावं लागे. २२-२३ तारखेला बाधित ठरलेली खेळाडू लवकरात लवकर २९-३० ला बाहेर. म्हणजे एक-दोन दिवसांनी सामना सरकवून काही साधलं नसतं. सरकवायला लागला असता आठवडा, आणि आठवडा वेळापत्रकात नव्हताच. महामारीत तीन-तीन दिवसांच्या अंतराने सामने लावले आणि मध्ये एकही राखीव खिडकी ठेवली नाही, की कलम ४.१ आपोआप कुऱ्हाड बनतं.

लागण कुठून आली यावर जाहीर वाद झाला. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल आणि प्रशिक्षक डेनरबी यांनी हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्यांकडे आणि बबलच्या व्यवस्थेकडे बोट दाखवलं, एएफसीने नियमाकडे. दोष कुणाचा हा निवाडा इथे करायचा नाही. पण अशा स्पर्धेत संघाने स्वतःच्या पातळीवर काय करायला हवं, हे सांगता येतं.

२३ जणींचा संघ एकत्र जेवत असेल तर तो लागणीच्या दृष्टीने एकच माणूस आहे. त्यांचे सात-आठ जणींचे तीन गट करायचे, प्रत्येक गटात एक गोलरक्षक. जेवण, बैठक, फिजिओचं टेबल, बसमधली जागा, हॉटेलचा मजला, सगळं गटागटाने वेगळं. एक पूर्ण गट आजारी पडला तरी १५-१६ उरतात, नियमापेक्षा वर. सरावाच्या मैदानावर सगळ्या एकत्र आल्या तरी फारसं बिघडत नाही. उघड्या हवेतला धोका लहान असतो. खरा धोका बंद एसीच्या खोलीतल्या तासाभराच्या व्हिडिओ-बैठकीत आणि बुफेच्या रांगेत असतो. नेहमी हे उलटं होतं : मैदानावर मास्क आणि अंतर कडक, आणि रात्री सगळ्या एकाच टेबलावर.

बाकी बाबी चाचणीच्या. आरटी-पीसीआरचा अहवाल यायला वेळ लागतो. त्या वेळात ओमायक्रॉन दोन खोल्या पुढे जातो. रोज सकाळी जलद अँटिजेन, लक्षण दिसलं की आरटी-पीसीआर, अशी जोडी लागते. खोल्या आवरणारे, वाढपी आणि बसचे चालक खेळाडूंच्याच वेळापत्रकाने तपासले गेले पाहिजेत आणि स्पर्धा संपेपर्यंत बबलच्या आतच राहिले पाहिजेत. जो रोज घरी जाऊन येतो तो बबलमध्ये नाही. आणि पहिली बाधित खेळाडू सापडली त्याच रात्री संघ-व्यवस्थापनाने एक आकडा फळ्यावर लिहायला हवा : १३ पर्यंत अजून किती बाकी.

गटाचा हिशेब

आता काय गेलं ते पाहू. भारत बाहेर पडल्यावर अ गट तिघांचा झाला. चीनने तैपेईला ४-० आणि इराणला ७-०, तैपेईने इराणला ५-० ने हरवलं. तिसऱ्या क्रमांकांची तुलना करताना गट असमान झाले म्हणून ब आणि क गटांत चौथ्या क्रमांकाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळले गेले. उरलं ते असं : थायलंड ० गुण, गोलफरक -२. व्हिएतनाम ० गुण, गोलफरक -६. इराण ० गुण, गोलफरक -१२. थायलंड आणि व्हिएतनाम पुढे गेले.

समजा २३ तारखेचा सामना झाला असता आणि बाकी निकाल हेच राहिले असते. चौथ्या क्रमांकाचे निकाल वगळायची गरजच पडली नसती, म्हणजे थायलंडचे ३ गुण आणि व्हिएतनामचा म्यानमारशी २-२ बरोबरीचा १ गुण धरला गेला असता. भारताने तैपेईशी बरोबरी केली असती आणि चीनकडून हरला असता तर २ गुण, गटात तिसरा, व्हिएतनामच्या पुढे. उपांत्यपूर्व फेरी. एक बरोबरी पुरेशी होती, आणि तीही तीन महिन्यांपूर्वी हरवलेल्या संघाशी.

त्याहून पुढे जाऊ. तैपेईकडून एका गोलने आणि चीनकडून चार गोलने हरलो असतो तरी भारताचा १ गुण आणि गोलफरक -५ झाला असता. व्हिएतनामचा -६. दोन पराभव पत्करूनही फेरी गाठता आली असती.

आणि त्या फेरीची किंमत? उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवलं. ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा यजमान म्हणून आधीच पात्र होता. त्यामुळे हरलेले उरलेले तिघे, व्हिएतनाम, थायलंड आणि तैपेई, आपसांत खेळले : विजेता थेट विश्वचषकात, बाकी दोघे आंतरखंडीय प्ले-ऑफमध्ये. व्हिएतनामने उपांत्यपूर्व सामना चीनकडून १-३ ने गमावला, मग थायलंडला २-० आणि तैपेईला २-१ ने हरवून आपला पहिला विश्वचषक गाठला. धरल्या गेलेल्या गुणांत शून्य असलेला संघ विश्वचषकात पोहोचला. भारताने तिथे व्हिएतनामसारखंच खेळलं असतं असा दावा नाही. पण त्या रांगेत उभं राहण्यासाठी लागणारं अंतर इतकं कमी होतं.

इराणचं दुःख वेगळं. मुख्य स्पर्धेत त्यांनी मिळवलेला पहिला गुण त्यांची काहीही चूक नसताना गेला. वरच्या हिशेबात तो धरला असता तरी ते -१२ वर व्हिएतनामच्या मागेच राहिले असते, म्हणजे फेरी त्यामुळे हुकली नाही. तरी नावावरचा गुण तो गुण.

पुढे

६ फेब्रुवारीला त्याच डी. वाय. पाटीलवर चीनने दोन गोलच्या पिछाडीवरून येऊन भरपाई वेळेत दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवलं आणि नववं विजेतेपद घेतलं. भारताची पुढची मोठी परीक्षा २०२३ च्या अखेरीस ताश्कंदला ऑलिंपिक पात्रतेत झाली : जपानकडून ०-७, व्हिएतनामकडून १-३, उझबेकिस्तानकडून ०-३. घरच्या मैदानावर चार-पाच कठीण सामने खेळायला मिळाले असते तर या संघाची वाढ कुठवर गेली असती, हे या निकालांकडे पाहताना मनात येतंच.

२०२६ च्या आशियाई चषकासाठी कुणी थेट प्रवेश देणार नव्हतं. जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चियांग माई इथे पात्रता गट झाला. क्रिस्पिन छेत्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० ने हरवलं. ५ जुलैला यजमान थायलंडविरुद्धचा सामना गटविजेता ठरवणार होता आणि गटविजेताच जाणार होता. संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत २-१ ने जिंकला. २०२२ च्या यादीतल्या मनीषा कल्याण, ग्रेस डांगमेई आणि स्वीटी देवी या संघातही होत्या. पात्रता फेरी खेळून, ती जिंकून भारतीय महिला संघ आशियाई चषकात पोहोचण्याची ही पहिलीच वेळ होती.